चार कोपरे राखलेला वाडगा

मैत्रिणींनो, या वेळी उत्तर देण्यासाठी निवडलेलं पत्र जयसिंगपूरच्या एका ताईंचं आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्यांच्या वडिलांचं घर होतं. पुढे सोपा, मग माजघर, वर माडी, मागे परस, असं जुन्या पद्धतीचं. भावांनी ते गेल्या वर्षी पाडलं. पाडण्याआधी त्यांनी बहिणींना विचारलं, "तुम्हाला काय आठवण म्हणून पाहिजे ते घेऊन जा." दोघींनी तांब्याची भांडी नेली. या ताईंनी सोप्यातल्या तुळईचा तुकडा मागितला, कारण लहानपणी त्या तिघींचा पाळणा त्याच तुळईला टांगलेला असे. तुकडा सागाचा आहे, चार फूट लांब, आठ इंच रुंद आणि नऊ इंच जाड. सध्या तो त्यांच्या गॅलरीत भिंतीला टेकून उभा आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ठेच लागली की विचारतो, "हे काय ठेवलंय?"

ताई लिहितात, "सुतार म्हणतो फळ्या काढून देव्हारा करू. देव्हारा आमच्याकडे आहे. मला असं काही हवं आहे की जे आम्हा तिघी बहिणींना एकेक घेता येईल, आणि बघितल्यावर कळेल की ही आपल्या घराची तुळई आहे."

पत्रातलं हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं, आणि अवघडही वाटलं. लाकडाची वस्तू केली की लाकूड आधी काय होतं ते बहुधा पुसलंच जातं. रंधा मारला, पॉलिश केलं, की तुळई काय आणि वखारीतली नवी फळी काय, सारखीच दिसते. म्हणून मी ताईंना चौकोनी काठाचा कातीव वाडगा सुचवते आहे. हा प्रकार आपल्याकडे फारसा कुणी करवून घेत नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

'कातीव' हा शब्द आपण एखादीच्या नाकाडोळ्यांना सहज लावतो. तो आला कातारकामातून. लाकूड फिरतं ठेवून त्यावर पटाशी धरायची आणि त्याला गोल आकार द्यायचा, हे कातारीचं काम. तुमच्या स्वयंपाकघरात त्याचे दोन्ही प्रकार आहेत. लाटणं दोन टोकांत धरून फिरवलेलं असतं. पोळपाट एकाच बाजूने लोखंडी तबकडीला पक्का करून फिरवलेला असतो, म्हणजे समोरची बाजू कातायला मोकळी राहते. वाडगाही पोळपाटासारखाच एका बाजूने धरून करतात. लेथ हा शब्द कोल्हापूरच्या बायकांना नवा नाही. उद्यमनगरात कुणाचा नवरा, कुणाचा दीर लेथवर असतोच. पण तो लोखंडाचा लेथ. त्यावर लाकूड लावायला तिथले कारागीर नाखूश असतात, कारण भुसा तेलकट भागांत जाऊन बसतो. आपल्याला लाकडाचा कातारी हवा, पलंगाचे पाय, लाटणी, रवी, भोवरे करणारा.

आता लेथचा स्वभाव असा की तो जे काही करील ते गोलच करील. मग चौकोनी वाडगा कसा? तर चौकोन लेथ करतच नाही. चौकोन करवतीने आधीच कापलेला असतो, कातारी तो फक्त राखतो. नेहमीच्या वाडग्याला लाकूड लावायच्या आधी त्याचे चारही कोपरे छाटून ते गोलसर करतात. इथे कोपरे छाटायचे नाहीत. चौरस ठोकळा तसाच लेथवर चढवायचा, मध्ये गोल खळगा करायचा, खालून गोल बैठक काढायची आणि खळग्याच्या बाहेर उरलेला भाग वरून-खालून पातळ करत कोपऱ्यांपर्यंत न्यायचा. काम झाल्यावर वरून पाहिलं तर चौकोनात गोल दिसतो. बाजूने पाहिलं तर कोपरे वर उचललेले दिसतात, चार टोकांना धरून उचललेल्या रुमालासारखे. हे वळण कुणी मुद्दाम कोरलेलं नसतं. तळ मधोमध खाली आणि कडेकडे वर चढत गेलेला असतो. बाजूचा मध्य केंद्राच्या जवळ, म्हणून खाली राहतो. कोपरा लांब, म्हणून उंच जातो. सरळ कापलेली कड त्यामुळे कमानीसारखी दिसू लागते.

ताईंच्या तुळईला हा आकार मी सुचवला त्याचं कारण कडांमध्ये आहे. गोल वाडग्यात लाकडाची बाहेरची प्रत्येक बाजू कातली जाते. चौकोनी काठाच्या वाडग्यात चारही कडा जशा होत्या तशा राहतात, लेथची पटाशी त्यांना शिवतच नाही. तुळई आठ इंच रुंद आहे. तिच्या पूर्ण रुंदीचा आठ इंची चौरस काढला तर त्याच्या दोन समोरासमोरच्या कडा म्हणजे तुळईच्या मूळ बाजूच. सुताराने कधी काळी वाकसाने तासल्याच्या खुणा, चुलीच्या धुराने आलेला काळपटपणा, सगळं तिथे राहील. उरलेल्या दोन कडा करवतीने कापलेल्या असतील, त्यांवर लाकडाची वर्षं दाखवणाऱ्या रेषा दिसतील.

एक मात्र आहे. आजकाल हौशी लोक अशा वाडग्याचे पंख पापडासारखे पातळ करतात. परदेशात लेथवर छंद म्हणून काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात पातळपणाची जणू स्पर्धाच असते. दिसायला सुरेख असतं, नाही कोण म्हणतो? पण पाव इंच जाडीच्या कडेवर जुन्या बाजूचं काय दिसणार? ताईंनी कड अर्धा ते पाऊण इंच जाड ठेवायला सांगावी. वाडगा जरा थोराड दिसेल, दिसू द्या. जाड पंखांचा आणखी एक फायदा आहे. पडला तर कोपरा लगेच तुटत नाही. रेषेच्या आडव्या दिशेने लाकूड नेहमीच ठिसूळ असतं, आणि चौकोनी वाडग्याचं पहिलं दुखणं कोपऱ्यालाच होतं.

मागच्या महिन्यात मी आमच्या भागातल्या एका मिस्त्रींकडे दोन दुपारी उभी राहून हे काम पाहिलं. ठोकळा फिरायला लागला आणि कोपरे दिसेनासेच झाले! मधला गोल भाग भरीव दिसतो, आणि त्याच्या भोवती धुरकट कड, पंखा चालू असताना पात्यांची दिसते तशी. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, त्या धुरात बोट घातलं तर गेलंच. कोपरा दिसत न्हाई, पण तिथं हाय बघा." मी शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे घरी येऊन हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. आठ इंचांच्या चौरसाचा कर्ण सव्वाअकरा इंचांहून थोडा जास्त. मिनिटाला हजार फेरे धरले तर कोपरा ताशी ५४ किलोमीटरच्या वेगाने फिरतो, म्हणजे हमरस्त्यावरच्या एसटीच्या वेगाने. आणि कोपऱ्याच्या टोकाशी पटाशीला एका फेऱ्यात चारदाच लाकूड लागतं, मध्ये नुसती हवा. मिनिटाला चार हजार ठोके. पटाशी बोथट असेल किंवा हात सैल असेल तर ती त्या हवेत आत घसरते, आणि पुढचा कोपरा येऊन तिला फटका मारतो. म्हणून गोल वाडगा जमणाऱ्या प्रत्येकाला चौकोनी जमतोच असं नाही. मिस्त्रींनी लेथच्या मागे काळा पुठ्ठा उभा केला होता. त्यावर फिरणाऱ्या कडेची पुसट रेघ डोळ्यांना सापडते. लेथ सुरू करण्याआधी दर वेळी त्यांनी ठोकळा हाताने एक फेरा फिरवून पाहिला, की कोपरा कुठे पटाशी टेकायच्या पट्टीला लागत तर नाही. हात त्या पट्टीच्या पलीकडे एकदाही गेला नाही.

तुम्ही पाहायला गेलात तर पदर खोचून घ्या. ओढणी असेल तर ती काढून पिशवीत ठेवा. मोकळे केस बांधा, मंगळसूत्र आत घाला, बांगड्या काढता आल्या तर काढा. फिरत्या ठोकळ्याच्या सरळ रेषेत उभं राहू नका, कारण तुकडा उडालाच तर त्याच दिशेला उडतो. कारागिराच्या पाठीमागे, जरा बाजूला उभं राहावं. लहान मुलांना नेऊच नका. हे ऐकून लेथ म्हणजे बायकांचं कामच नव्हे असं कुणी म्हणेल. कर्नाटकात चन्नपट्टणला लाकडी खेळणी होतात, तिथे बायका लेथवर बसून काम करतात आणि त्यावर घर चालवतात. प्रश्न कपड्यांचा आणि सवयीचा आहे.

कामाचा क्रम ठाऊक असला तर कारागिराशी बोलणं सोपं जातं. आधी चौरसावर दोन कर्ण आखून मध्य काढायचा. इथे सुताराचा गुण्या लावून चौरस खरा आहे की नाही ते पाहावं लागतं, कारण मध्य अर्ध्या सुताने चुकला तरी एक पंख लांब आणि समोरचा आखूड होतो, आणि फिरताना ठोकळा हादरतो. मग वरच्या बाजूला तबकडी स्क्रूने बसवायची. हे स्क्रू जिथे जातात ती जागा पुढे खळग्यात निघून जाते, त्यामुळे भोकांची चिंता नको. तळ आणि बैठक आधी करून घ्यायची. मग ठोकळा उलटा करून बैठक चकमध्ये पकडायची, आणि आता आधी पंखांची वरची बाजू पातळ करायची, खळगा सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करता येत नाही. मध्ये लाकूड भरीव असतं तोवर ते पंखांना आधार देतं. खळगा झाला की पंख थरथरतात आणि पटाशी उड्या मारते. पंख एकदा झाले की परत त्यांच्याकडे वळायचं नाही, असं मिस्त्री म्हणाले, आणि तसंच वागले. एका पंखाच्या खाली थोडी खरखर राहिली होती, ती त्यांनी लेथ बंद करून, लाकडाच्या छोट्या ठोकळीवर पॉलिश पेपर गुंडाळून हाताने काढली. चालू लेथवर कोपऱ्याला पॉलिश पेपर धरायचा नाही, बोटं सोलून निघतात आणि कोपऱ्याची धारही गोल होते.

काही जण ही धास्ती टाळायला चारही बाजूंना साध्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात, सगळं मिळून मोठा गोल करतात आणि शेवटी पट्ट्या काढून टाकतात. युक्ती चांगली आहे, नवशिक्याने तीच करावी. पण ताईंच्या बाबतीत जुन्या कडेवर सरस बसेल आणि पट्टी काढताना तिथलं जुनेपण सोलवटून जाईल, म्हणून नको.

आता ताईंच्या तुळईचं पाहू. मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी तिच्यावरून एक लोहचुंबक फिरवा, चारही बाजूंनी, सावकाश. जुन्या तुळईत खिळे असतातच: कंदिलाचा, तोरणाचा, दिनदर्शिकेचा. डोकं तुटून आत राहिलेला खिळा वरून दिसत नाही. त्याच्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, ती खूण शोधा. एक खिळा कारागिराची करवत आणि पटाशी दोन्ही घालवतो. पाळण्याची कडी लोखंडी असेल तर ती जागा मुद्दाम वगळा, किंवा भोक पंखात येईल असा चौरस आखायला सांगा. मला विचाराल तर मी भोक ठेवीन, फक्त ते कोपऱ्याच्या टोकाला नको, तिथे लाकूड तडकेल.

तुळईच्या टोकाकडून पाहिलं की गोल गोल रेषांचा मध्य दिसतो, तो गाभा. ताईंची तुळई अख्ख्या खोडातून तासलेली असेल तर गाभा बहुधा मधोमध असेल. गाभा वाडग्यात येऊ देऊ नका. जुन्या तुळयांच्या भेगा तिथूनच निघालेल्या असतात, आणि आणखी वाढतात. नऊ इंच जाडीतून वरच्या बाजूचा तीन इंचांचा थर काढायला सांगा, मधला सोडून द्या. त्या थराच्या पंचवीस इंच लांबीत आठ-आठ इंचांचे तीन चौरस निघतात, करवतीला जाणारं लाकूड धरून. तिघी बहिणींचे तीन वाडगे झाले. ते एकाच थरातून ओळीने काढले असल्यामुळे रेषा एकातून दुसऱ्यात जातील. दिवाळीत तिघी एकत्र आल्या आणि वाडगे क्रमाने शेजारी ठेवले तर तुळई पुन्हा जुळलेली दिसेल. म्हणून चौरस कापताच प्रत्येकाच्या मागे १, २, ३ असे आकडे आणि दिशेचा बाण घालून घ्या. लेथवर ती बाजू कातली गेली की आकडे जातील, तेव्हा मिस्त्रींना आठवणीने बैठकीवर परत घालायला सांगा.

जुन्या तुळईचा मोठा गुण म्हणजे ती कित्येक वर्षं वाळलेली असते. ओल्या लाकडाचा वाडगा वाळता वाळता लंबगोल होतो, आणि चौकोनी असेल तर पंख पिळवटतात. म्हणून नव्या लाकडाचा वाडगा आधी जाड कातून काही महिने सावलीत ठेवावा लागतो आणि मग पुन्हा लेथवर चढवतात. ताईंना ती वाट पाहायला नको. तुकडा उघड्या गॅलरीत भिजला असेल तर मात्र आधी घरात घ्या आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्या. दोन हजार एकोणीसच्या, म्हणजे २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरातलं सागवान पाण्यात राहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरून कोरडं दिसणारं लाकूड आत किती दिवस ओलं राहतं ते त्यांनी पाहिलं आहे.

मिस्त्रींशी एका बाबतीत तुमचा वाद होणार, आधीच सांगून ठेवते. त्यांना ठोकळा चारही बाजूंनी रंधा मारून स्वच्छ करायचा असतो. त्यांचं बरोबर आहे, कारण वाकसाने तासलेल्या बाजू अगदी समांतर नसतात आणि ठोकळा हादरतो. पण रंधा मारला की आपण ज्यासाठी हा खटाटोप करतोय तेच गेलं. तेव्हा सांगा, "मिस्त्री, या दोन कडांना रंधा लावू नका, लेथ हळू चालवा, वेळ लागला तरी चालेल." आणि मग त्या वेळेचे पैसे द्या. गोल वाडग्याच्या दुपटीहून जास्त वेळ या कामाला जातो, ते मी घड्याळ लावून पाहिलं. भाजीच्या गाड्यावर आपण कोथिंबिरीची जुडी वर मागतो तशी घासाघीस इथे करू नये. लेथचं मापही आधी विचारा. फिरणाऱ्या मध्यापासून खालच्या लोखंडी पट्ट्यांपर्यंत निदान सहा इंच जागा हवी, नाहीतर कोपरा खाली अडकेल. नुसती लाटणी करणाऱ्याच्या लेथला तेवढी उंची असेलच असं नाही.

रंगाबद्दल. तुळईला जुना तेलरंग असेल तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. तसा रंग कोरडा घासून उडवायचा नाही, निदान घरात तर नाहीच. रंगाच्या बाजू वगळूनच चौरस घ्यावा हे उत्तम. सागाचा भुसाही कित्येकांच्या नाकाला आणि कातडीला सोसत नाही, जवळ उभं राहणार असाल तर तोंडाला फडकं बांधा. आणि हा वाडगा शोभेचाच समजा. जुन्या तुळईला वाळवीसाठी कोणी काय काय लावलं असेल ते सांगता येत नाही. त्यात सालासकट केळी-संत्री ठेवा, चाफ्याची फुलं ठेवा, किल्ल्या ठेवा. कोशिंबीर नको.

सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी पाहिलेल्या मैत्रिणी विचारतील, यावर तशी लाख का चढवू नये? आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी, आपल्या शेजारचीच. तिथल्या चितारी मंडळींची ही कला. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी तिथल्या राजवाड्यात गंजिफा आणि लाखकामाला पुन्हा उभारी दिली. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. पण त्यासाठी कांडीखाली सलग फिरणारा गोल हवा. आपल्या वाडग्याचे कोपरे कांडीचे तुकडे करतील. तिथेही पाट-चौरंग कुंचल्याने रंगवतात, ते काही उगाच नाही. ताईंच्या वाडग्याला तेल आणि मेण पुरे.

तेल जवसाचं, कच्चं. ते हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं. शेंगतेल किंवा खोबरेल लावू नका, ते सुकत नाही. चिकट राहतं आणि पुढे खवट वास मारतं. फडक्याने पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्यायचं आणि तीन-चार दिवस वाळू द्यायचं. असे तीन हात. शेवटी मधमाशांचं मेण चोळून सुती कपड्याने घासायचं. जुन्या दोन कडांना तेल अगदी ओझरतं लावा, नाहीतर धुराचा काळेपणा आणि साधं लाकूड सारखंच गडद दिसेल. आणि हे विसरू नका: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून कडक वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पत्रात आणखी एक ओळ होती, ती मी मुद्दाम मागे ठेवली होती. "घराच्या कागदांवर आम्ही तिघींनी सह्या केल्या आहेत, भावांशी वाकडं कशाला घ्यायचं." ताई, तुमच्या सह्या झाल्या, तो तुमचा निर्णय, त्यावर मी बोलणार नाही. पण हे वाचणाऱ्या ज्या मैत्रिणींपुढे हक्कसोडपत्र अजून यायचं आहे त्यांना सांगते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. लग्न झालेल्या मुलीलाही तो आहे. सही करायची तर ती वाचून, एखाद्या वकिलाला दाखवून, स्वतःच्या मनाने करावी. भाऊ चांगले असतात, माझेही आहेत. पण "आठवण म्हणून काय हवं ते ने" हा प्रश्न विचारला जातो तेव्हा हिश्श्याचं बोलणं बहुतेक वेळा आधीच उरकलेलं असतं, आणि ते आपल्यासमोर झालेलं नसतं. तुळईचा तुकडा मागताना हेही विचारायला हरकत नसते की बाकीच्या घराचं काय ठरलं.

पुन्हा वाडग्याकडे. तो कुठे ठेवाल? दूरदर्शन संचाच्या वर किंवा खिडकीतल्या उन्हात नको, एका बाजूने तापून पंख वाकेल. आमच्या कोल्हापूरच्या पावसात लाकूड थोडं फुगतं आणि उन्हाळ्यात परत आक्रसतं, ते चालायचंच. भिंतीला चिकटून ओल येते तिथे ठेवू नका. धूळ पुसायला कोरडं फडकं, वर्षातून एकदा मेणाचा हात. कामवाल्या मावशींना सांगून ठेवा की हा घासायच्या भांड्यांत जायचा नाही, नाहीतर एक दिवस तो चिंचेच्या पाण्यात बुडालेला सापडेल.

तेलाचा पहिला हात देण्याआधी बैठकीखाली पेन्सिलीने लिहून घ्या: कुठल्या पेठेतलं घर, सोप्यातली तुळई, घर पाडल्याचं वर्ष, आणि तो १, २, ३ मधला आकडा. तेल लागल्यावर पेन्सिल नीट उमटत नाही. बॉलपेन वापरू नका, शाई रेषांतून पसरते. मधला गाभ्याचा जो थर उरेल तो मिस्त्रींकडे सोडून येऊ नका. वाडग्याला तो उपयोगाचा नसला, तरी गाभा वगळून त्याच्या कडेच्या भागातून दोन-तीन लाटणी सहज निघतात.